दादाच्या रिव्हॉल्वरचं म्यान

मार्च १९९८, रविवार सकाळ. हजर: आबा, आई, थोरला दादा, मी. शिवाय पाटावर एक सागवानी रिव्हॉल्वर. प्रशिक्षणात दादानं खऱ्या रिव्हॉल्वरची मापं कागदावर उतरवून आणली होती, त्यावरून गल्लीतल्या सुतारमामांनी ते तासून दिलं होतं.

दादा फौजदार झाला होता! सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो सोलापूरला पहिल्यांदा हजर व्हायला निघणार होता. आबांनी जन्मभर कोल्हापुरी चपला केल्या. शुक्रवारी पोरानं बाजारातलं रेक्झिनचं होल्स्टर दाखवलं आणि ते भडकले.

"फौजदार आमच्या घरचा, आन् कंबरंला रेक्झिन? लोक चपलंनं मारतील मला."

"तुमच्याच चपलंनं," आई म्हणाली.

तेव्हा ठरलं. म्यान घरीच करायचं, रविवारी एका दिवसात. आबा त्याला होल्स्टर म्हणायला तयारच नव्हते. कामं मी वाटून टाकली: आबा कापणार आणि शिवणार, आई शिवायची कातड्याची वादी ओली ठेवणार, मी आरीनं भोकं पाडणार. दादानं फक्त उभं राहायचं आणि सल्ला द्यायचा नाही.

ठेवणीतलं चांगलं कातडं एकच होतं. म्यान त्याचा एकच तुकडा दुमडून शिवायचं होतं. आबांनी कागदी साचा त्याच्या आतल्या बाजूवर ठेवला, खूण केली, कातडं कापायची रापी फिरवली. मग साचा उलटा करून शेजारीच दुसरा तुकडा कापला. त्यांचा हात इतका सराईत चालला होता की कुणालाच काही खटकलं नाही. मी तर पुढच्या कामाच्या घाईत होते. कधी एकदा ते कमरेला बघते असं झालं होतं!

दुपारपर्यंत निम्मी शिलाई झाली. आईनं ते दादाच्या उजव्या कमरेला लावून बघितलं आणि ती थबकली.

"अवो, मूठ पुढं येतीया. ह्ये डाव्या अंगाचं हाय की!"

आबांचा चेहरा पडला. चपलेत खूण आतून केली काय, बाहेरून केली काय, फरक पडत नाही. जोड कापायचा असतो, उजवा-डावा दोन्ही निघतातच. म्यानाला मात्र एकच बाजू; खूण आतून केली की उजव्याचं डावं होतं. नवं कातडं आणावं तर रविवारी दुकान बंद, आणि गाडी पहाटेची.

"ऱ्हाऊ दे आबा," दादा म्हणाला, "रेक्झिनचं हाय की."

तेवढ्यात मला पाटाखालचा दुसरा तुकडा दिसला. "आबा, तुम्ही जोडच कापलाय! हा बघा उजवा."

आबांनी तुकडा उलटसुलट करून बघितला आणि मग ते असे हसले की शेजारची वहिनी डोकावली.

"आता एक डावखुरा फौजदार बी बघा," आई म्हणाली.

मग जी घाई उडाली! मी भोकं पाडत पुढं, आबा वादी ओढत मागं. दिवेलागणीला शिलाई संपली. म्यान पाण्यात भिजवलं, सागवानी रिव्हॉल्वर आत सारलं, दाबून आकार दिला, वरून दोरी आवळली. वाळायला वेळच नव्हता. आबा म्हणाले, "लाकूड आत ठिवूनच ने. सोलापूरच्या उन्हात वाळंल. मग खरं घालून बघ, आन् फोन कर."

मंगळवारी शेजारच्या वहिनीनं भिंतीवरूनच हाक मारली. आमचे फोन तिच्याच घरी यायचे. आबांनी जाऊन घेतला. पलीकडून दादा इतका ओरडला की मला दारात ऐकू आलं: "बसलं आबा! हलवलं तरी हलंना!"

आबा घरी आले ते थेट पाटावर बसले. निम्मं शिवलेलं डावं म्यान माझ्या हातात दिलं. "हे तू पुरं कर. भोकं तुझीच हायती, शिलाई बी तुझीच होऊ दे."

मी व्हय म्हणाले. नंतर माझं लग्न झालं, नोकरी लागली, दोन घरं बदलली. प्रत्येक वेळी सामान बांधताना डावं म्यान आणि आरी मी स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली. घरातली बाकी सगळी कामं वेळेवर होतात. वादी भिजवायची आहे, आणि अर्धी शिलाई बाकी आहे.