कंपाउंडरने नासवलेला पुरावा

बस्त्याव गेल्याचं मला कसालच्या स्टँडवर कळलं. दोन दिवस लेकीकडे राहून मालवणच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात आमच्या ओळखीचा कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "मास्तर, तुमचो कंपाउंडर गेलो. सकाळीच." खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. इतक्या वर्षांचा वाद अर्धवट टाकून हा माणूस निघून गेला होता, आणि तोही मी गावात नसताना. त्याला आता महिना होऊन गेला. राग अजून उतरलेला नाही, म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. मी पुढे शाळेत शास्त्र शिकवू लागलो आणि तो सरकारी दवाखान्यात कंपाउंडर झाला. त्याच्या कामात खोट काढायची सोय नव्हती. मिक्श्चरच्या बाटलीला डोसांच्या खुणांची कागदी पट्टी लावताना तो ती दोनदा मापून बघायचा. चिठ्ठीवरचा आकडा नीट लागला नाही तर रांग तशीच ठेवून आत डॉक्टरांना विचारायला जायचा. "मागचंच औषध दे" असं कोणी म्हटलं तर मागची बाटली दाखव म्हणायचा, मग तो माणूस पाच मैल चालत आलेला का असेना. आणि हाच माणूस दर रविवारी पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये जायचा, आणि मेलेला एक जण तिसऱ्या दिवशी उठला हे बिनतक्रार मानायचा. बाटली न बघता खोकल्याचं औषध न देणारा हा माणूस! मी एकदा वैतागून विचारलं, उठताना बघितला कोणी? "आदी बायलमानसांका कळला," तो शांतपणे म्हणाला, "आणि तेंच्यार कोणी इस्वास ठेवक नाय. तू एकटोच नाय, मास्तर." असं बोलला की माझं डोकं फिरायचं.

त्याची लेक इजाबेल सात वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. नव्या निघालेल्या कॅप्सूल त्याने मुंबईहून बोटीने मागवल्या, घड्याळ लावून दिल्या, तापाचा तक्ता भिंतीवर चिकटवला. आणि रोज संध्याकाळी माडांखालच्या क्रूसापाशी जाऊन एक मेणबत्ती लावली. आमच्याकडे त्या क्रूसाला खुरीस म्हणतात आणि तिथे नवस बोलायला आमचे हिंदूही जातात, ही माझी आणखी एक चीड. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला. बस्त्यावची बायको नातालीन घरोघर सांगत सुटली की खुरीस पावला. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, सगळ्यांसमोर उभं राहून तू हे सांग, असा वाडीतल्या लोकांनी बस्त्यावला आग्रह केला. त्याने साफ नाही म्हटलं. मला ठाऊक नाही ते मी सांगणार नाही, एवढंच. नातालीन चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मला मात्र उकळ्या फुटल्या. एवढा भाविक माणूस चमत्काराची साक्ष द्यायला नकार देतो, याहून मोठा विजय कोणता? मी धावत दवाखान्यात गेलो आणि म्हटलं, आता माझ्या वर्गात ये, पोरांना सांग की औषधाने गुण आला. तर तो त्यालाही नाही म्हणाला! मी तिथेच आवाज चढवला. तेव्हा हातातला खल बाजूला ठेवून तो म्हणाला, "औषध दिलंय, मेणबत्ती पण लायलंय. दोनय केलंय. कशान बरा झाला ता समजूक होया तर एक सोडून बघूक होया होता. खयचा सोडू, सांग. पोरगी माझी."

ही पळवाट आहे, असं मी पुढे कित्येक वर्षं त्याला ऐकवलं. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेव, नाहीतर सोड. हे काय, दोन्ही डगरींवर हात! पक्की खात्री असती तर विश्वास लागलाच कशाला असता, असं तो उलट मलाच विचारायचा, आणि मी छत्री उचलून घरी यायचो.

सन साठ-एकसष्टच्या सुमाराला नातालीनच्या पायाला कालवं काढताना खडकावर कापलं. धनुर्वात झाला. पुन्हा तेच… इंजेक्शनं झाली, मेणबत्त्या झाल्या, आणि पाचव्या दिवशी ती गेली. माती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी त्याला खुरसाकडे जाताना पाहिलं आणि माझा तोल सुटला. आज त्याची लाज वाटते, पण मी भर वाटेत त्याला म्हटलं, आता तरी कळलं ना? तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "इजाबेल बरी झाली, तो पुरावो म्हणान मी घेवक नाय," तो म्हणाला. "मग आता ही गेली, तो तरी कसो घेव?"  

गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला. बस्त्याव तेव्हा निवृत्त झाला होता, तरी बारा दिवस सकाळ-संध्याकाळ घरी येऊन सुई टोचून गेला. बरा झाल्यावर मी उशीला टेकून त्याला व्याख्यान दिलं. म्हटलं, तुला करवला नाही तो प्रयोग माझ्यावर झाला बघ. माझ्यासाठी कोणी मेणबत्ती लावली नाही, नुसत्या औषधाने उठलो. तो सिरिंज पुसत राहिला. वाद जिंकल्याच्या आनंदात मी ही हकीगत चहाच्या हॉटेलात त्याच्यादेखत चार जणांना सांगितली.

परवा त्याच्या महिन्याच्या प्रार्थनेनंतर इजाबेल मला खुरसापाशी घेऊन गेली. आता ती स्वतःच शाळेत शिकवते. पिशवीतून तिने दोन मेणबत्त्या काढल्या. एक पप्पांची म्हणाली. दुसरी कोणाची, मी विचारलं. "तुमची, काकानू. तुमच्या दुखण्यापास्ना पप्पा रोज लायत. माका सांगान गेले."

मी तिथेच कपाळाला हात लावला. मला न विचारता! आयुष्यात हाताशी आलेला एकच धडधडीत पुरावा, आणि या माणसाने तो पहिल्याच दिवशी नासवून ठेवला होता. वर मी हॉटेलात फुशारक्या मारल्या त्या ऐकून घेतल्या, पण मला खोटं पाडलं नाही. मी काय काय बोललो ते आठवत नाही. इजाबेलने सगळं ऐकून घेतलं, अगदी बापासारखं, आणि म्हणाली, "तुमका नको तर बंद करतंय."

गेले आठ दिवस मला संध्याकाळी पुन्हा थोडा ताप चढतो आहे. कोणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी खुरसापाशी समुद्रावरून वारा सुटला होता आणि इजाबेलच्या दोन काड्या विझल्या. तिने तिसरी काडी ओढल्यावर मी पुढे सरकलो आणि माझ्या मेणबत्तीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला.