भाव वाढेपर्यंत कुलूप

आनंद नगरात आमचा स्वतःचा फ्लॅट होता आणि आम्ही राहत होतो तुलसी नगरच्या गळक्या सरकारी क्वार्टरमध्ये. पावसाळ्यात छताखाली बादल्या मांडायच्या आणि फ्लॅटची किल्ली कपाटात जपायची. हसू नका, आमच्या ओळीतल्या निम्म्या कपाटांत अशीच एकेक किल्ली निघाली असती.

कारण ते घर नव्हतंच मुळी, ती ‘इन्व्हेस्टमेंट’ होती. हा शब्द आमच्या ह्यांचा. दिवसभर ऑफिसात फायली सरकवणारा हा माणूस संध्याकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसला की थेट अर्थतज्ज्ञ व्हायचा. टीव्हीवर एक कोटवाले गृहस्थ यायचे. व्याजदर उतरणार, घरांचे भाव चढणार, असं ते म्हणाले की हे मांडीवर थाप मारायचे. “बघ! आता फ्लॅटला हात लावायचा नाही. कोरा राहिला तर भाव मिळेल.” काही महिन्यांनी तेच गृहस्थ, त्याच कोटात, मंदी येणार म्हणून सांगायचे. मग हे आवाज खाली आणून, “आता तर मुळीच नाही. मंदीत वापरलेलं घर कोण घेतो?” म्हणजे तेजी आली तरी कुलूप, मंदी आली तरी कुलूप! भाडेकरू नको, भिंती खराब करतो. वास्तुशांत नको, होमाच्या धुराने छत काळं पडतं. अहो, दारांवरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही.

मला चीड यायचीच, पण जीव तुटायचा तो सासूबाईंसाठी. नागपूरहून ह्या हिंदी मुलखात आल्यापासून त्यांचा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेला, आधी नवऱ्याच्या, मग मुलाच्या. स्वतःच्या घरात चार दिवस राहायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आताशा त्या भिंत धरून चालायच्या.

एके संध्याकाळी कोटवाले म्हणाले, दोन वर्षं थांबा, मग बघा. ह्यांनी मान डोलावली. सासूबाई मेथी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “त्या साहेबाले विचार न रे बाबू, मी टिकते का दोन वर्षं? माझ्याबद्दलबी काही अंदाज सांगते का तो?”

“आई, तू पण ना!” म्हणून हे हसले. मी मात्र उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेले आणि मी किल्ली काढली. छोटी शेगडी, देव, दूध आणि सासूबाई, सगळं ऑटोत घातलं. फ्लॅटच्या दारावरचं प्लास्टिक मी टराटरा फाडलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! सासूबाईंनी नव्या ओट्यावर दूध तापत ठेवलं आणि चांगलं उतू जाऊ दिलं. तो जळका डाग अजून निघालेला नाही. मग मी ह्यांना फोन केला, “आम्ही घरी आहोत. तुम्हीही या. टीव्ही नाही आणला तरी चालेल.”

हे आले आणि त्यांनी थयथयाट केला. “लाखाचे बारा हजार केलेस!” पुढच्या आठवड्यात ह्यांनी बोलावलेला दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. देवांसाठी ठोकलेले खिळे, दोरीवरची लुगडी बघून गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं. “ये तो यूज हो गया, अंकल.”

“हौ, झालं!” सासूबाई गॅलरीतून ओरडल्या. “आम्ही राह्यतो न इथं!”

तो हिवाळा सासूबाई गॅलरीतल्या उन्हात खुर्ची टाकून बसल्या आणि होळीच्या आधी गेल्या. आपल्या घरातून गेल्या. पण कुलपात घालवलेली ती वर्षं आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

कोटवाले अजून येतात टीव्हीवर, हे अजून बघतात. परवा दलालाचा फोन आला, मार्केट गरम आहे, काढून टाका. हे गॅलरीत आईच्याच खुर्चीत बसले होते. मी कान टवकारले. भाव किती, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

“नहीं भैया,” हे म्हणाले, “माँ का घर है.”