उजवीकडून मोजायचं कार्ड

वडील दवाखान्यात होते त्या अकरा दिवसांत त्यांचा फोन बंद पडला. तो उशाजवळच्या पिशवीत होता, चार्ज करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी आल्यावर मी तो चार्जिंगला लावून सुरू केला. त्यानं चार आकडे मागितले. वडिलांनी अंगठा टेकवला. पुन्हा एकदा टेकवला. फोन बंद होऊन सुरू झाला की अंगठा चालत नाही, आकडेच टाकावे लागतात, असं मी सांगितलं. ते स्क्रीनकडं बघत राहिले. आकडे त्यांना आठवत नव्हते.

वय ऐंशी, न्यूमोनिया. ताप उतरल्यावर काही दिवस विसरायला होईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाकी बहुतेक सगळं जागेवर होतं. गेले होते ते हे चार आकडे.

त्या फोनमध्ये आईचा आवाज होता. शेवटचे सात महिने आई कुर्डुवाडीला माझ्या बहिणीकडं राहिली. बहीण नर्स आहे, आणि आईला रोज इंजेक्शनं लागत. संध्याकाळी सहाच्या सुमारास आई तिथून वडिलांना फोन करी. वडिलांना कमी ऐकू येतं, सगळी उमर यंत्रमागांच्या खडखडाटात गेली आहे. सुटलेलं बोलणं नंतर मोठ्या आवाजात ऐकता यावं म्हणून मी त्यांच्या फोनवर रेकॉर्डिंगची सोय लावून दिली होती. आई गेली आणि ती रेकॉर्डिंग उरली. रोज सहा वाजता ते त्यातलं एक लावून बसत. त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठंही नव्हती. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी प्रत्येक मजकूर दोन ठिकाणी साठवत आले. घरी ते केलं नाही.

पहिल्या दिवशी मी जन्मसालं टाकून पाहिली, लग्नाचं साल टाकलं, घराचा नंबर, कारखान्यातला हजेरी नंबर. प्रत्येक चुकीनंतर फोन थांबायला लावत होता आणि थांबण्याचा वेळ वाढत होता. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन भवानी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा. फोन पाच मिनिटांत सुरू करून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल, असं त्यानं सांगितलं. आत काय आहे, हे त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं फोन काउंटरवरून माझ्याकडं सरकवला.

"मग आज नको. आधी घर धुंडाळा. म्हातारी माणसं कुठं ना कुठं लिहून ठेवतात."

त्याच्या जागी दुसरा कुणी असता आणि त्यानं घाई केली असती, तर मी हो म्हटलं असतं. त्या दिवशी मी तशा मनःस्थितीत होते.

घरी येऊन वडिलांना विचारलं, कुठं लिहिलंय का. आम्ही घरात तेलुगू बोलतो, पण माझ्याशी बोलताना ते मधेच सोलापुरी मराठीत शिरतात. "ठेवलंय की," ते म्हणाले. कुठं, ते सांगता येईना. डायरी पाहिली, औषधांचे कागद पाहिले, कपाटाच्या दाराची आतली बाजू पाहिली. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. मी कॅलेंडरची पानं उलटली, खुणा केलेल्या तारखा टाकून पाहिल्या. त्यात संध्याकाळ गेली. सहा वाजता ते न उघडणारा फोन हातात घेऊन खुर्चीत बसले होते.

तिसऱ्या दिवशी कॅलेंडर काढून बघितलं, तर त्याच खिळ्याला मागं एक वस्तू अडकवलेली होती. जाड पुठ्ठ्याच्या चार अरुंद पट्ट्या, एकाखाली एक, दोऱ्यानं ओवलेल्या. झाडताना ती मी दोनतीनदा झटकून परत अडकवली होती. जुन्या कामाची आठवण म्हणून ठेवली असेल, एवढंच मनात आलं होतं.

वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डची कार्डं कापत. चादरीवरचं फूल, मोर, काठ हे सगळं आधी पुठ्ठ्यावर भोकांच्या रूपात उतरतं. कुठल्या भोकाला कुठला धागा उचलला जाणार, हे कार्ड कापणारा ठरवतो. कार्डं क्रमानं ओवून मागावर चढवतात. या चार पट्ट्यांवर पेन्सिलीनं आखलेली दहा-दहा घरं होती आणि प्रत्येक पट्टीत एकाच घराला भोक होतं.

तेव्हा मला माझंच बोलणं आठवलं. फोन घेऊन दिला त्या दिवशी मी त्यांना बजावलं होतं, की नंबर कुणालाही वाचता येईल असा लिहून ठेवायचा नाही. त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं होतं.

डावीकडून घरं मोजली, दहावं म्हणजे शून्य धरून. चार आकडे मिळाले. टाकले. चूक. आता फोन अर्धा तास थांबायला सांगत होता. वडिलांना पट्ट्या दाखवल्या. त्यांनी ओळखल्या, त्यांवरून बोटं फिरवली, पण त्यांचं काय करायचं ते त्यांना सांगता येईना. डोळे भरून आले तसे त्यांनी पट्ट्या मला परत दिल्या.

त्या अर्ध्या तासात त्यांचे एक जुने सोबती भेटायला आले. ते त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. वडिलांनी कापलेली कार्डं वर्षानुवर्षं त्यांनीच मागावर चढवली. त्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते. आल्या आल्या त्यांनी वडिलांच्या कानाशी वाकून मोठ्यानं तब्येत विचारली. मग माझ्या हातातल्या पट्ट्या पाहिल्या.

"क्या मास्तर, घर में बी वइच धंदा?"

वडील किंचित हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

मी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, पट्ट्या उजेडात धरल्या आणि विचारलं, कुठून मोजलंस? डावीकडून, मी म्हटलं.

"तू पेपरवाली, तू डावीकडनंच वाचणार. आमच्या मागावर चादर पाठ वर करून विणायची, बेटा. तोंड खाली. म्हणून हा माणूस सगळं उलटं कापायचा. उजवीकडनं मोज."

तसं केलं की डावीकडचं तिसरं घर आठवं होतं. बाकीचेही सगळे आकडे बदलले. वर-खालचा क्रम तोच राहिला. आमच्या धंद्यात कागद हाती आला, की तो ज्यानं लिहिला त्याच्या कामाची रीत आधी समजून घ्यायची, हे मी नव्या लोकांना शिकवत आले आहे. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत ते मला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागलं. वेळ संपल्यावर चार आकडे टाकले. फोन उघडला.

वडिलांनी तो माझ्या हातातून घेतला. यादी कशी काढायची हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी मधलंच एक रेकॉर्डिंग लावलं, आवाज पूर्ण वाढवून. मागं कुठंतरी कुर्डुवाडी स्टेशनातली घोषणा चालू होती. मग आईचा आवाज आला, "तिन्नारा?" जेवलात का, असं ती विचारत होती. तिचा प्रत्येक फोन याच शब्दानं सुरू होई.

"तिन्नानु," जेवलो, असं वडील म्हणाले. फोनमधले वडीलही थोड्या वेळानं तेच म्हणाले.

चाचा उठले. मला वाटलं निघाले. म्हणून चहा तरी घ्या असं म्हणत मी मागं गेले. ते उंबऱ्याबाहेर चपला न घालताच उभे होते. घरवाली की बात है, ते म्हणाले, संपू दे, मग येतो आत.

वडिलांनी एकामागून एक तीन फोन ऐकले. सगळी रेकॉर्डिंग मी त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून घेतली. दुकानदाराला फोन उघडल्याचं सांगायला गेले तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, कुठं लिहिलं होतं? पट्ट्या परत खिळ्याला अडकवल्या आहेत. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आतून आईचा आवाज येत होता, आणि तो संपेपर्यंत चाचा आत येणार नव्हते. मी चहा करून त्यांना उंबऱ्यापाशीच नेऊन दिला.