पेठेच्या मालकीचा नवरा

माझी सोयरीक जुळत होती तेव्हा वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, "पोरगा करतो काय?"

"सायकल हाणतो."

"कुटं?"

"सोलापुरासनं दुधनीपातुर."

"काय न्ह्यायला?"

"काय न्हाय. जातो आन् परत येतो."

रिकामं जायचं, रिकामं यायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असला धंदा आमच्या मैंदर्गीत कुणी केलेला नव्हता. पण पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो हे कळल्यावर वडिलांनी सुपारी फोडली.

पगार देणारा होता सोलापुरातला एक सायकलींचा दुकानदार. यांच्या सदऱ्याच्या पाठीवर त्यानं आपल्या दुकानाचं नाव शिवून घेतलं होतं. हे पुढे राहिले की मागचे सगळे आपल्या दुकानाचं नाव वाचत येतील, असा त्याचा हिशेब. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की दरवर्षी ती शर्यत व्हायची: अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी आणि त्याच वाटेनं परत. रस्ता म्हणजे खडी आणि फुफाटा. पंच दुधनीला आगगाडीनं जायचे, कारण त्यांच्या मते त्या रस्त्यानं सायकलवरून जाणं माणसाला झेपणारं नव्हतं.

सासर शुक्रवार पेठेत. सासू-सासरे गावाकडं शेतावर, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मला वाटलं होतं, आपल्याला नवरा मिळाला. तो आधीच पेठेचा झालेला होता. माझ्या वाट्याला त्याचं धुणं तेवढं आलं.

दिवाळी झाली की आमचा ओटा भरायचा. ज्यांना सायकल हातात धरून चार पावलं नीट चालता येत नव्हतं, ते टायरात हवा किती असावी यावर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. कचेरीतले एक कारकून इंग्रजी पेपर वाचून यायचे. त्यांनी एकदा सांगितलं की फ्रान्स देशात डोंगरावरून सायकलींची शर्यत असते आणि लोक तासन् तास रस्त्याकडेला उभे राहतात.

"खातात काय ते गडी?" तालमीच्या वस्तादांनी विचारलं.

"पाव खातात. दारूही पितात म्हणे."

"मंग येऊ द्या की शुक्रवार पेठेत," वस्ताद म्हणाले, आणि फ्रान्सचा निकाल तिथंच लागला.

हे वस्ताद म्हणजे यांच्या भक्तमंडळींचे पुढारी. जन्मात सायकलवर बसले नव्हते. पण त्यांनी पुष्कळ पैलवान तयार केले होते आणि पैलवानाला जे लागतं तेच सायकलवाल्याला लागतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. दोघंही घाम गाळतात, दोघांनाही मांड्या असतात, मग फरक तो कसला? म्हणून बदाम, तूप, थंडाई, सकाळी जोर, संध्याकाळी बैठका. आणि अर्थात लंगोट. एक दिवस वस्ताद दारात येऊन म्हणाले, "वैनी, गडी आता शर्यतीपातुर तालमीतच ऱ्हाईल. घरचं तोंड बघायचं न्हाय." घरचं तोंड म्हणजे मी. यांची वळकटी दोघाजणांनी उचलली आणि मिरवत नेली. हेही मागोमाग मान खाली घालून गेले. वरातीत नवरदेव चालतो तसे.

पण वस्ताद माणूस होते आणि दुपारी जेवण झालं की त्यांना गाढ झोप लागायची. त्या वेळात हे होटगी रस्त्याला सराव करायला जातो म्हणून निघायचे आणि बोळातून मागच्या दारानं घरी यायचे. खिशात बदाम आणायचे माझ्यासाठी. पेठेनं वर्गणी काढून घेतलेले निम्मे बदाम मी खाल्ले असतील. उरलेलं तूप मात्र यांच्याच अंगी लागलं. शर्यत जवळ आली तोवर सदरा पोटाला ताणायला लागला आणि दुकानाचं नाव पाठीवर आणखी ठळक दिसायला लागलं.

शर्यतीच्या सकाळी वस्तादांनी यांना तूप घातलेलं दूध तांब्याभर पाजलं. पेठेतल्या प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी हार घेऊन उभं, कुणीतरी पेढा घेऊन उभं. चाहत्यांचं मन कसं मोडायचं? मन मोडलं नाही, पोट मोडलं. अक्कलकोट यायच्या आत हे तीनदा सायकल टाकून बाभळीमागे गेले. पहिला आला सोलापूरच्या पूर्व भागातला एका विणकराचा हडकुळा पोरगा. त्याची माणसं दिवसभर मागावर बसणारी, त्यामुळे त्याला खाऊ घालून पाडायला कुणाला सवडच झाली नव्हती.

आता हरण्याचं कारण सगळ्या रस्त्यानं पाहिलं होतं. पण वस्तादांच्या दुधाला नाव ठेवण्याची छाती कुणाची? कारण दुसरं शोधायला हवं होतं आणि ते मी आयतं दिलं. शर्यतीनंतर आठवड्याभरातच शेजारणीनं मला नळावर ओकाऱ्या काढताना पाहिलं.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर मंडळी जमली. कोणी बोटं मोडून महिने मोजत होतं, कोणी नुसतंच हळहळत होतं. वस्ताद उंबऱ्यापाशी आले. "वैनी, खरं सांगा. गडी घरला येत हुता का?"

मी यांच्याकडे पाहिलं. 'मी माझ्या पायांनी येत होतो', एवढं म्हणायला काय लागतं? हे सायकलची साखळी पुसत होते. एवढी स्वच्छ साखळी मी आजपर्यंत कुणाची पाहिली नाही.

"म्हंजी बाईनंच गड्याला बुलावलं," वस्ताद म्हणाले, आणि पेठेनं माना हलवल्या. मी भोळ्या गड्याला मोहात पाडून पेठेचं नाक कापलं, असं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहेच. माझ्या बाबतीत ती पेठेनं जरा लवकर उरकली. दुसऱ्याच दिवशी मला मैंदर्गीला पोचवलं आणि निरोप दिला, की पुढची शर्यत होईतो तिथंच राहू दे.

मला राग वस्तादांचा नव्हता. ते आपल्या अकलेनुसार वागले. राग होता तो साखळी पुसणाऱ्या माणसाचा. रात्रंदिवस मनात तेच होतं.

मुलगी झाली. बारशाला हे आले नाहीत. आला पेठेकडून बदामांचा पुडा. मी तो तसाच कोनाड्यात ठेवला. शर्यतीचे दिवस आले तेव्हा दादा बाजाराला सोलापूरला निघाला होता. त्याच्याकडे मी निरोप दिला: "त्यांना सांग, शर्यतीदिवशी मी पोरीला घेऊन रस्त्यावर उभी ऱ्हाते. चार लोकांत मला आपली म्हणायचं आसंल तर म्हणा. न्हाईतर परत न्ह्यायला येऊ नका."

दादानं निरोप तालमीच्या खिडकीतून दिला. यांनी तो ऐकला आणि पुन्हा बैठका मारायला लागले, एवढंच त्यानं परत येऊन सांगितलं.

शर्यतीदिवशी मैंदर्गीच्या बाजारातून जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी माणसांनी भरला. पेठेची मंडळी मोटारलॉरी करून आली होती. वस्तादांच्या हातात हार आणि तोच तांब्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"वैनी, मागं सरा. गड्याची नजर पडंल."

"पडू दे की," मी म्हटलं. "नजर पडून गडी मरत न्हाय."

जाताना हे आणि विणकराचा पोरगा बरोबरच गेले, धुळीत कोण कोणता ते कळलंही नाही. दुधनीहून परतताना मात्र लोक ओरडायला लागले, "बंद्रू, बंद्रू!" म्हणजे आले, आले; आमच्याकडे निम्मी माणसं कानडीतच ओरडतात. हे पुढे होते. अंगानं निम्मे झालेले. त्या वर्षी निदान तूप तरी पचवलं असावं, किंवा खिडकीतून फेकलं असावं. त्यांनी मला पाहिलं. कडेवरची पोर पाहिली. ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीला टेकवला.

"वस्ताऽद!" कुणीतरी किंचाळलं. वस्तादांच्या हातातला तांब्या कलंडला.

धुळीनं भरलेलं एक बोट यांनी पोरीच्या गालाला लावलं. ती भोकाड पसरून रडायला लागली. आणि मागच्या वळणावर मला विणकराचा पोरगा दिसला.

वर्षभर मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं! ते सगळं राहिलं बाजूला. मी ओरडले, "अवो, त्यो आला की! बसा, बसा!" आणि पोरीला एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं त्यांच्या पाठीला, दुकानाच्या नावावरच, सगळा जोर लावून धक्का दिला. भर बाजारात. नवऱ्याला. माझी आई डोक्याला हात लावून खाली बसली. सायकल निघाली. मी पदर खोचून ओरडत राहिले. पेठेतल्या कुणाही वेड्याला मी त्या दिवशी मागं टाकलं असतं.

हे पहिले आले. ढोल वाजले. आणि तेवढ्यात विणकराच्या माणसांनी तक्रार केली. नियम असा होता, की गर्दीतल्या कुणी धक्का दिला तर माफ, कारण गर्दीला कोण आवरणार? पण गड्याच्या आपल्या माणसानं दिला, तर शर्यत बाद. दादा लॉरीत बसून सोलापूरला गेला होता, त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन पुढचं सांगितलं.

पंचांनी विचारलं, "ती बाई कोण?"

वस्ताद पुढे झाले. "आसंल की कुणीतरी गावातली. बाया लई येड्या आसतात तितल्या." मग यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "वळखत न्हाय म्हण. येवढंच म्हण."

दुकानदार बघत होता. सगळी पेठ हार घेऊन उभी होती.

"माजी बायकू हाय ती," हे म्हणाले. "कडंवर माजीच पोर हुती. मागल्या वर्सीबी मीच माज्या पायानं घरला जात हुतो."

बक्षीस विणकराच्या पोराला गेलं. दुकानदारानं सदरा तिथल्या तिथं उतरवून घेतला आणि हे बनियनवर घरी गेले. लोकांनी आपापले हार परत नेले.

दादा हे सांगत होता तेव्हा मी चुलीपुढं बसले होते. मला रडू आलं आणि काही केल्या थांबेना. आईला वाटलं, बक्षीस गेलं म्हणून रडते. मी तिला तसं वाटू दिलं.