भिंतीमागचा कापूस

मित्रहो, आज बाभुळगावले एका घरी एसी बसवाले गेलतो. तांब्याचे पाइप भिंतीच्या छिद्रापाशीच जोडायचे होते. गॅसचा टॉर्च पेटवणार, तेवढ्यात घरच्या सुनंदाकाकू धावत आल्या.

"थांब बापू! भिंतीमागं आमचा सारा कापूस हाय!"

मले हे माहीतच नव्हतं. काका-काकूंसोबत मीबी कापूस उचलला. खोली रिकामी झाल्यावरच टॉर्च पेटवला. जोड देताना वितळलेल्या रॉडचा लालभडक थेंब छिद्रातून पलीकडं गेला अन् मोकळ्या फरशीवर विझला.

मग काकूंनी इचारलं, "तुहा हात तर नाही भाजला ना?"

वर्षभराचं पीक थोडक्यात वाचलं, अन् त्यायले काळजी माह्या हाताची!

काकू, लय उपकार झाले. टॉर्चवाल्या भावांनो, तुम्ही भिंतीमागं पाहता ना?