पहिल्या आंघोळीआधीची गाठ

हिरामावशी गेल्याचा निरोप त्यांच्या सुनेने बुधवारी सकाळी सव्वासातला आणला. तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही तिघे होतो... मी, बायको आणि डाव्या हाताने दूध पिणारा चार वर्षांचा नातू. त्याचा उजवा हात मागे पडतो.

माधवनगरच्या आमच्या गल्लीतल्या बाळंतिणींना आणि बाळांना मावशी न्हाऊ घालत. नव्या बाळाला करगोट्याच्या काळ्या दोऱ्याने मापायची त्यांची सवय. नातू तिसऱ्या दिवशी घरी आला, तेव्हा पाणी घालण्याआधी त्यांनी डोक्यावरच्या टेंगळाभोवती दोरा फिरवून गाठ मारली. "दादा, ह्ये आदीपासनं हाय बरं का. बघून ठेवा." मी चहा पीत होतो, उठलो नाही.

पाचव्या दिवशी बाळाला झटके आले. ज्यांच्याकडे बाळंतपण झाले, त्याच डॉक्टरांनी विचारले, "घरी मालिश कोण करतं?" प्रश्न सहज होता असे तेव्हा वाटले. आता वाटत नाही. लेक सांगत होती, "बाबा, बाळंतपणात डोक्याला कप लावून ओढलं त्याला." पण डिस्चार्ज कार्डावर 'नॉर्मल' लिहिले होते आणि माझा विश्वास कागदावर.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा न्हाणीच्या दारातच मी त्यांना म्हणालो, "डोकं किती जोरात दाबलंत?"

"म्या हात लावायच्या आदीची गाठ हाय न्हवं! दोरा बगा की."

"दोरा काय पुरावा असतो?"

"कारखान्यात तुमी पट्टीनं मापता, मी दोऱ्यानं. फरक काय वो?" दोरा न्हाणीच्या खिळ्याला अडकवून त्या निघाल्या. पुन्हा आल्या नाहीत. गल्लीतली इतर बोलावणीही बंद झाली. मी गल्लीत चारचौघांत तसे बोललो होतो.

दोन वर्षांनी, दवाखान्यात हेलपाटे घालून बाळंतपणाचे केसपेपर मिळवले. 'व्हॅक्यूम, ओढ' या शब्दांपुढे, म्हणजे कप लावून किती वेळा ओढले तिथे, तीन, आणि त्यावर गिरवून केलेला दोन. कुपवाडच्या कारखान्यात मी मापे तपासतो. गिरवलेला आकडा ओळखतो. त्या संध्याकाळी दोरा काढून मोजला... गाठीपर्यंत अकरा सेंटिमीटर. पहिल्या आंघोळीआधीचे. आमच्या दारापासून मावशींचे घर चार मिनिटांवर. गेलो नाही. आज-उद्या करत राहिलो.

दहाव्याला दोरा घेऊन गेलो. सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. दादा कवातरी मोजतील, म्हनायच्या."

मोजला होता, दोन वर्षांपूर्वीच. ते न सांगता दोरा खिशात घालून निघालो. दोरा परत खिळ्याला आहे.