निळ्या नळाचं पाणी

मस्कतमध्ये मे ते सप्टेंबर गिझर बंद ठेवायचा असतो, असं नवीन माणसाला सांगितलं की तो हसतो. मग गिझर घेतलाच कशाला, म्हणतो. त्याला समजावण्याचाही मला आता कंटाळा येतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने इतकं तापतं की निळा नळ सोडला तर हात झटकन मागे घ्यावा लागतो. बंद गिझरमधलं पाणी मात्र एसीच्या घरात पडून पडून निवतं. म्हणून उन्हाळ्यात गार पाणी हवं असेल तर लाल नळ सोडायचा. वीस वर्षं काढल्यावर याचा कोणी विचारसुद्धा करत नाही, मे महिना आला की हात आपसूक लालकडे जातो.

माझ्या वडिलांचा हात कसा जाणार? ते पुण्याचे, जन्मभर गार पाण्याने अंघोळ केलेले. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी सरळ निळा नळ सोडून पाय त्याखाली धरले. तीस वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या पावलांची आणि तळहातांची जाणीव गेलेली आहे. बाहेर येऊन खुर्चीत बसले तेव्हा माझ्या बायकोला त्यांच्या पावलांवर फोड दिसले. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

त्यानंतर मी अंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये उभा राहू लागलो. पाणी मी काढायचं, हात घालून मी बघायचं. बाबा ओल्या पंच्यात माझ्याकडे पाठ करून बसायचे. चार दिवस त्यांनी हे सहन केलं आणि पाचव्या दिवशी तिकीट काढायला सांगितलं. मी चिडलो. एवढं काय त्यात, लहानपणी तुम्ही मला घातलीत की अंघोळ, असं काहीतरी बोलून गेलो. ते बोलायला नको होतं.

या वर्षी पुण्यात दोनदा त्यांची साखर एकदम उतरली, आणि दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांना दार फोडून आत जावं लागलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. आता त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. यायला तयार झाले, पण एका अटीवर. अंघोळ त्यांची ते करणार, आतून कडी लावून. ज्या दिवशी कडी काढाल त्या दिवशी मी परत जाणार, असं फोनवर स्पष्ट सांगितलं. पुण्यात परत जाणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून मी बाथरूमचं काम काढलं. अल् घुब्रातलं आमचं घर जुनं आहे, तळमजल्याचं, भाड्याचं. अर्बाब, म्हणजे घरमालक, भला माणूस. काय हवं ते करा, फक्त मला फोन करू नका, म्हणाला. बाबांच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूमची पाण्याची लाइन पूर्वी गच्चीभर उन्हात उघडी पडलेली होती. ती काढून, सावलीच्या भिंतीवरून, फोममध्ये गुंडाळून नवी आणायची, टाकीला थर्माकोल लावायचं, वर हिरवी जाळी टाकायची, असा माझा बेत. ज्या प्लंबरला काम दिलं त्याने पहिल्या दिवशी फरश्या फोडल्या, संध्याकाळी उद्या येतो इन्शाल्ला म्हणाला, आणि दूर सूर शहरात कुठल्याशा मोठ्या कामावर निघून गेला. आठ दिवस मी रोज फोन केला. रोज इन्शाल्ला. शेवटी बायको म्हणाली की अहो, तुम्ही पाइपांचेच इंजिनिअर ना?

तिचंही खरंच होतं. कुरुमच्या एका ऑफिसात बसून मी वीस वर्षं पाइपलाइनची ड्रॉइंग्ज करतोय. मैलोन्‌मैल पाइप काढलेत मी कॉम्प्युटरवर, पण एकही कधी हातात धरला नव्हता.

सामानाच्या दुकानातला माणूस रत्नागिरीकडचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. हिरवे प्लास्टिकचे पाइप त्याने दिले आणि ते तापवून जोडायचं मशीनही वापरायला दिलं. दोन्ही तोंडं तापवायची, सरळ आत सरकवायची, पिळायची नाहीत आणि सुटतील या भीतीने हलवून बघायचं नाही, हे त्याने मला तीनदा करून दाखवलं. निघताना म्हणाला की पाइप सगळे हिरवेच असतात, तर गिझरकडून येणाऱ्याच्या तोंडाला लाल दोरा बांधा. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, पाइपांना नंबर देऊन माझे केस पांढरे झाले, आणि हा मला दोरा बांधायला सांगतोय.

तीन आठवडे लागले. सुरुवात केली तेव्हा जुलै संपत आला होता. ऑफिसमधून चारला सुटून घरी, मग अंधार पडेपर्यंत हेच. गच्चीवर शिडीचा दांडा फडक्याशिवाय धरता यायचा नाही. भिंतीत खाचा मारताना छिन्नी बोटावर बसली. पहिले पाच जोड गळले, कापून पुन्हा केले. सहावा गळला नाही तेव्हा मी जमिनीवर बसूनच राहिलो, उठायचं त्राण नव्हतं. कमरेत उसण भरली ती अजून अधूनमधून डोकं वर काढते. बायको चहा आणून द्यायची आणि उंबऱ्यातूनच परत जायची, कारण मी कुणाशीही धड बोलत नव्हतो. एका भिंतीतून दोन पाइप खाली आणले, बेसिनच्या मागे ते एकमेकांवरून गेले, आणि मग मिस्त्रीने वरून प्लास्टर आणि फरशी केली. बाहेर राहिली दोन हिरवी तोंडं. दोरा कशालाच बांधलेला नव्हता.

नळ बसवायच्या दिवशी मी इतका थकलेलो होतो की आत काय कुठून गेलंय हे आठवेना. आठवायची गरजही वाटली नाही. वरचा कॉक सोडला आणि दोन्ही तोंडांखाली हात धरला. डावीकडचं कढत, उजवीकडचं गार. खरोखर गार, ऑगस्टच्या दुपारी. मला रडायचंच बाकी राहिलं. फोम, थर्माकोल, जाळी, सगळं सार्थकी लागलं होतं. गार ते माझ्या नव्या लाइनचं, गरम ते गिझरचं. उजवीकडे निळा नळ बसवला, डावीकडे लाल. त्याच रात्री बायकोने सहज विचारलं की गिझर तर मे महिन्यापासून बंद आहे ना, आणि मी म्हटलं, हो, बंदच आहे. तरीही माझी ट्यूब पेटली नाही.

ऑगस्टच्या शेवटी बाबा आले. फक्त निळा नळ, लालला हात लावायचा नाही, असं मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं की ते म्हणाले, लिहून चिकटव. मी खरंच चिकटवलं. पहिल्या दिवशी ते आत गेले, कडी लागली आणि मी बाहेर पॅसेजमध्ये कान लावून उभा. तांब्याचा आवाज आला, मग रामरक्षा सुरू झाली. मध्येच थांबून म्हणाले, "छान गार आहे रे." ऑफिसमध्ये मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली, अगदी नको होईपर्यंत.

सप्टेंबर गेला, दिवाळी झाली. बाबांनी बाहेरच्या वाफ्यात तुळस लावली. डिसेंबरच्या सुरुवातीला तेलकट भांडी निघेनात म्हणून बायकोने गिझर लावला. स्वयंपाकघरालाही तोच गिझर आहे. तिने मला विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, खुशाल लाव, बाबांचा काय संबंध.

साधारण तेव्हापासून बाबा घरात मोजे घालू लागले. एसीही बंद होता. आम्ही चिडवलं, पुण्याची थंडी सोबत आणलीत वाटतं. ते हसले. आणखी एक नवीन पद्धत त्यांनी सुरू केली. सकाळी उठल्या उठल्या बादली भरून ठेवायची आणि चहा, पेपर, तुळशीला पाणी असं सगळं उरकून तासाभराने अंघोळीला जायचं. म्हातारपणी माणसाला खुळं सुचतात, असं मी बायकोला म्हणालोदेखील.

दहा-बारा दिवसांनी मशीनमध्ये कपडे टाकताना तिला मोज्याच्या वरच्या बाजूला पिवळट डाग दिसला. ती मोजा घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघं बाबांच्या खोलीत गेलो. त्यांनी आधी पाय मागे घेतला, मग दिला. उजव्या पावलाची वरची कातडी सोलवटून निघाली होती. तांब्याने पाणी घ्यायचं ते आधी पायावर, ही त्यांची सवय. पायाला कळलं नसणार, तिसरा तांब्या खांद्यावर घेतला तेव्हा कळलं असेल.

मी बाथरूममध्ये जाऊन निळा नळ सोडला. थोड्या वेळाने त्यातून वाफ यायला लागली. मी तिथेच कमोडचं झाकण लावून बसलो. तीन आठवड्यांचं माझं काम कशाच्या कामी आलेलं नव्हतं. फोम, जाळी लावूनही टाकीचं पाणी तापतच होतं, डावीकडचं ते कढत पाणी तेच. बाबांनी आल्यापासून जे गार पाणी घेतलं ते बंद गिझरमधलं, इथला प्रत्येक माणूस जे घेतो तेच. वीस वर्षं माझ्या हाताला जे ठाऊक होतं ते ऑगस्टच्या त्या दुपारी मला आठवलं नाही. उठून गिझरचं बटण बंद केलं आणि त्यावर टेप लावली. आता आमच्याकडे भांड्यांचं पाणी गॅसवर तापतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय बांधून दिला, आणखी चार दिवस उशीर केला असता तर कठीण होतं म्हणाल्या. येताना गाडीत मी बाबांना विचारलं की बोलला का नाहीत. मला राग आला होता, पण कुणाचा ते सांगता आलं नसतं.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं, मीच चुकून लाल सोडला. तू एवढं लिहून चिकटवलंस आणि मला तेवढंही जमेना. म्हटलं, आता डोकंही चाललं. तुला कळलं असतं तर तू कडी काढली असतीस."

मी गाडी बाजूला घेतली. पाइप मी उलटे जोडले होते, निळ्या नळाला गिझरचं पाणी येत होतं, हे त्यांना सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे मी निळाच सोडला होता?"

"निळाच, बाबा. रोज."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बँडेज भिजू नये म्हणून मी त्यांच्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली, बाहेर, खोलीतच. आत येऊ का, असं ओठांवर आलं होतं. ते भिंत धरून हळूहळू आत गेले, दार लोटलं आणि कडी लावली.